लसूण लागू पडला

सास्तूरचे उमाशंकर सर लोहाऱ्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत आणि नऊ वर्षं एकाच विषयावर पीएचडी करत होते: लसणाच्या रसानं जंतूंचं आपसातलं बोलणं कसं बंद पडतं. जंतूंचं माहीत नाही, पण आपण विषय काढला की माणसं हमखास गप्प होतात, एवढं सरांच्या ध्यानात आलं होतं. तरी सास्तूर-लोहारा जीपचा ड्रायव्हर बसवेश याला ते रोज ऐकवत, "तुझी जीप दहा माणसं भरल्याबिगर हलत न्हाय ना? जंतूबी तसेच. एकमेकांना खुणावून पुरेसे जमले की मगच रोग करतात. लसूण त्यांना मारत न्हाय, जमूच देत न्हाय."

परवा प्रयोगासाठी दोन किलो सोललेला लसूण मांडीवर घेऊन सर जीपमध्ये पहिले बसले. जो चढे तो नाकाला रुमाल लावून उतरे आणि मागच्या जीपमध्ये जाई. मागच्या दोन जीपा भरून गेल्या. सरांचा पहिला तास बुडाला.

शेवटी बसवेश खिडकीशी आला. "सर, तुमचा लसूण लागू पडला. आता उतरा, म्हंजी गाडी भरंल."

खरं तर सरांना वाईट वाटायला हवं होतं. पण नऊ वर्षांत आपला विषय एकाला तरी समजला, या आनंदात ते उतरले.