तात्या आणि उरलेले ओंडके

बावड्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या तात्यांनी कुठलीही वस्तू टाकून दिल्याचं मी कधी पाहिलं नाही. फुटक्या बादलीत त्यांची कोंबडी अंडी घालायची आणि मोडक्या छत्रीच्या काड्यांवर दोडक्याचा वेल चढायचा. "टाकू नका बाई, काम गावंल त्याला," हे त्यांच्या तोंडी इतकं असायचं, की मी घरातली रद्दी बाहेर काढताना आधी कुंपणापलीकडे कोणी उभं नाही ना ते बघायची. तात्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मिहिर, सई, माझ्या नातवंडांनो, तुमची त्यांची भेट राहूनच गेली.

बांधाकडेची सुरूची झाडं काढून तिथे पेरू लावायचं त्यांनी ठरवलं, तेव्हाची ही गोष्ट. सरळ खोडं व्यापाऱ्याने नेली. वाकडे, गाठाळ ओंडके मागे राहिले आणि त्यांचा ढीग नेमका माझ्या फाटकासमोर पडला.

"तात्या, हे कधी हलणार?" मी विचारलं.

"कुठं जायची घाई हाय त्यांना?"

पंधरा दिवसांनी त्यातला एक ओंडका त्यांनी मला पुस्तकं ठेवायला भेट दिला. दोन गड्यांनी तो आणून जिथे टेकवला, तिथेच तो आजही आहे. मी त्याच्या भोवतीने केर काढते. कोंबड्यांसाठी खुराडं करायला घेतलं, तर त्या लाकडात खिळा शिरेना. मूठभर खिळे वाकल्यावर तात्यांनी ते वाकडे खिळे तेवढे जपून डब्यात ठेवले.

त्या दिवसांत त्यांचा जीव खरा लागला होता तो सोनाक्काकडे. सोनाक्का म्हणजे त्यांची बायको. बारामतीला तिचे दोन्ही गुडघे बदलले होते. रोज चाला, नाहीतर पाय आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण जन्मभर शेतात राबलेली ही बाई आता उंबऱ्याबाहेर पडेना. चार पावलांवर तिला दम लागायचा आणि वाटेत नुसतं बसायला ती तयार नव्हती. "रस्त्याकडंला बसून ऱ्हायाला मी काय पाव्हणी हाय?" असं ती विचारायची. मुलाने वॉकर आणून दिला, त्यावर तिने टॉवेल वाळत घातले. "पाय आखडलं तर ती शेताबिगर झुरंल, बाई," तात्या एकदा मला म्हणाले आणि लगेच पंपाचं काहीतरी बोलू लागले.

मग एके सकाळी पाहते, तर घरापासून पेरूच्या रानापर्यंत वाटेच्या कडेने ओंडके उभे पुरलेले. एक अगदी जवळ, दुसरा बराच लांब, पुढचे दोन पुन्हा जवळजवळ. मला ओळीत नसलेली वस्तू बघवत नाही.

"निदान सारख्या अंतरावर तरी लावा," मी म्हटलं.

"सारकं कसं लावणार? सपाटीचा दम आन चढाचा दम येक असतुय व्हय?"

बसायला जागा झाली, तरी बसण्याचं निमित्त हवं होतं. तात्यांनी पहिल्या ओंडक्यापाशी भुईमुगाच्या शेंगांची पाटी ठेवली आणि स्वतः फोडत बसले. "ह्या माणसाच्या हातात पाटी दिली तर निम्म्या शेंगा पोटात जात्यात," असं पुटपुटत सोनाक्का उंबरा ओलांडून आली, तात्यांना उठवलं आणि तासभर शेंगा फोडून परत गेली. जाताना तिच्या हिरव्या लुगड्यावर मागे काळा गोल उमटला होता. वाळवी लागू नये म्हणून तात्यांनी ओंडक्यांना ट्रॅक्टरचं जळकं ऑईल चोपडलं होतं.

"अवं, ह्यो काय शिक्का मारलाय?"

"आता हरवलीस तरी गावशील."

दोन दिवस तिने अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बुडाखाली घ्यायला पोतं घेऊन आली.

मग पुढच्या ओंडक्यापाशी मिरच्या आल्या, देठं काढायला. त्याच्या पुढे लसूण. चौथ्यापाशी सुतळीचा मोठा गुंता होता. तो आदल्या दिवशी तात्यांनीच गोठ्यात बसून केलेला मी पाहिला होता. एकेका कामामागे सोनाक्का रानाच्या जवळ सरकत होती आणि तात्यांना शिव्या घालत होती.

थंडीत एका सकाळी ती शेवटापर्यंत पोचली. मी बरोबर होते. पेरूची रोपं गुडघ्याएवढी झाली होती. इथला ओंडका उभा नव्हता, लांबलचक आडवा टाकलेला होता, साल काढून गुळगुळीत केलेला. ऑईल लावलेलं नव्हतं. तात्या त्याच्या एका टोकाला बसले होते. सोनाक्काने आजूबाजूला पाहिलं. पाटी नव्हती, सुतळीही नव्हती.

"हितं काय काम हाय?"

"हितं काय न्हाय," तात्या म्हणाले. "बस."

ती उभीच राहिली. रोपांच्या ओळींवरून तिची नजर फिरली. "तिसरं रोप वाकडं लावलंय," ती म्हणाली.

"व्हय."

"आन त्या कडंला पाणी पोचंना झालंय."

"व्हय, पोचंना."

आणखी चूक काढण्यासारखं तिला काही दिसलं नसावं. पदर सावरून ती त्यांच्याशेजारी बसली आणि रिकामे हात तिने मांडीवर ठेवले. मला घरी काही काम नव्हतं, तरी मी माघारी फिरले.