वीतभर आधी

वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं होतं: 'समुद्रकिनारा – सात दिवस – एक फेरी'. खाली पट्टीने आखलेले रकाने. सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, अंतर, शेरा. पहिल्या दिवशी संध्याकाळी ६.१० ते ६.३० मध्ये सूर्यास्त बसवला होता आणि शेऱ्यात 'वेळ पाळणे' असं लिहिलं होतं. हे स्वतःला उद्देशून होतं की सूर्याला, ते कळायला मार्ग नव्हता.

वहीच्या मालकाला डेपोत सगळे टाइमटेबल म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी पाचला जाग, सहाला दाढी, साडेसहाला बूट घालून तयार, आणि मग कुठेच जायचं नसल्यामुळे खिडकीशी उभं राहणं, हा क्रम काही चुकला नव्हता.

बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून दीड महिन्यासाठी गेली होती. ते बाळ आता शाळेत जायचं, त्याला धाकटी बहीणही झाली होती, आणि दीड महिना काही संपत नव्हता. भांडण वगैरे नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा, नातवंडं आजीच्या हातातून फोन ओढायची, आणि टाइमटेबलांना बराच वेळ मुलीच्या घराचं छत दिसायचं. त्या छताला एका कोपऱ्यात ओल आली होती. ते दोनदा सांगूनही झालं होतं.

गेल्या वर्षी त्यांनी कॅरॅव्हॅन घेतली. गाडीमागे जोडून न्यायचं, चाकांवरचं घर. जुनीच, पण नीट ठेवलेली. आत दोन बाकं, रात्री त्यांचेच पलंग होत. एक शेगडी, आणि खिळ्याला अडकवलेले दोन कप. बायकोला फोनवर सगळं फिरवून दाखवलं.

"अहो, एक घर रिकामं पडलंय तेवढं पुरत नव्हतं का?" ती म्हणाली. "आणखी एक आणलंत ते?"

ती गमतीनेच म्हणाली होती. दोघंही हसले. मग नात रडायला लागली.

तर, सहलीचा आराखडा. नकाशावर किनाऱ्याच्या रस्त्याने सव्वीस ठिकाणांवर पेन्सिलीची गोल खूण होती आणि त्यांतल्या एकोणीस खुणांवर फुली. फुल्या पडलेल्या जागा कुणाही शहाण्या माणसाने आधी निवडल्या असत्या. कड्याखालची वाळू, खाडीच्या तोंडाशी असलेलं गाव, खडकात कोरलेला जुना धक्का. सगळीकडे शेरा एकच: 'वळायला जागा नाही'. निवडलेल्या सात जागांत तीन पेट्रोल पंप होते. चौथ्या दिवसाचा मुक्काम सिमेंटच्या कारखान्यासमोर ट्रकच्या तळावर होता. शेरा: 'दोन चिमण्यांमधून समुद्र दिसतो. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. उत्तम.'

कारण असं, की डेपोच्या भिंतीवर हातभर अक्षरांत एक नियम रंगवलेला होता: कंडक्टर मागे उभा असल्याशिवाय गाडी मागे घेऊ नये. बाकीचे ड्रायव्हर घाईत असले की तो मोडत. टाइमटेबलांनी एकतीस वर्षांत एकदाही मोडला नाही. सद्गुणापेक्षा त्यात कल्पनाशक्तीचा अभाव जास्त होता. मागे कुणी नसताना मागे जायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभंच राहत नसे.

एक फुली मात्र गिरवून गिरवून कागद फाटायला आला होता. ती दीपगृहावर होती.

त्यांच्या बसचा शेवटचा थांबा टेकडीवर होता. तिथे बारा मिनिटं मिळत. चहाच्या टपरीमागे उभं राहिलं की झाडांच्या वर दीपगृहाचं पांढरं टोक दिसे. समुद्र त्याच्या पलीकडे असल्याचं ऐकून माहीत होतं. खाली जाऊन परत यायला तासभर हवा, आणि तास त्यांच्या टाइमटेबलात कधी बसला नाही. एकोणीस वर्षं ते टोक बघत ते आणि त्यांचा कंडक्टर चहा प्याले. "एकदा जाऊ," असं दोघांपैकी कुणीतरी एकजण रोज म्हणे.

त्यांनी पर्यटन कचेरीत फोन करून विचारलं होतं. बाई फार सौजन्याने बोलल्या. दीपगृहाशी मुक्कामाला जागा आहे, नळ आहे, दृश्य तर विचारूच नका. "फक्त शेवटचे दोनशे मीटर गाडी मागे मागे न्यावी लागते. सोबत कोणी आहे ना?"

"नंतर कळवतो," म्हणून टाइमटेबलांनी फोन ठेवला आणि पेन्सिल उचलली.

सोबत एकोणीस वर्षं जो होता, त्या कंडक्टरला सगळे भोंगा म्हणत. तो बसच्या मागे उभा राहून "येऊ द्याऽ" म्हणाला की शेजारच्या शाळेतली मुलं पाढे विसरत. एरवी दोघांचं अरे-तुरे, शिवीगाळही यथास्थित. पण बसच्या मागे गेला की भोंगा 'येऊ द्या' आणि 'थांबा' असं मानाने बोले. टाइमटेबलांना आयुष्यात जो काही मान मिळाला तो असा पाठीमागून मिळाला.

भोंगाची एक खोड होती. तो 'थांबा' वीतभर आधी म्हणायचा. टाइमटेबलांना ते ठाऊक असल्याने ते 'थांबा' ऐकून आणखी वीतभर मागे घ्यायचे आणि मगच ब्रेक दाबायचे. याबद्दल एकोणीस वर्षांत एक अक्षर बोलणं झालं नाही. इतकं छान चाललं होतं.

पाच वर्षांपूर्वी एका दुपारी भोंगा 'थांबा' म्हणाला, टाइमटेबलांनी सवयीने वीतभर घेतली, आणि त्या दिवशी ती वीत तिथे नव्हती. पिण्याच्या पाण्याचा कट्टा आडवा झाला. कुणाला लागलं नाही. सात नळांपैकी पाच मोडले आणि संध्याकाळपर्यंत डेपोत पाणी वाहत राहिलं.

चौकशी झाली. भोंगाने लिहून दिलं, 'मी वेळेवर थांबा म्हणालो.' टाइमटेबलांनी लिहून दिलं, 'थांबा ऐकू आले नाही.' भोंगाचं 'थांबा' ऐकू आलं नाही, या वाक्यावर अख्खा डेपो हसला असता; पण चौकशीचे साहेब आदल्याच आठवड्यात बदलून आले होते, त्यांनी तो आवाज कधी ऐकलेला नव्हता. भोंगाला गाडीवरून उतरवून सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसवलं. नोकरीची शेवटची दोन वर्षं तो काचेआड बसून लोकांच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळत होता. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

आराखडा पक्का झाल्यावर टाइमटेबल कॅरॅव्हॅन जोडून शहराभोवती एक चक्कर मारून आले. विकणाऱ्यानेच ती अंगणात मागे घेऊन लावून दिली होती, त्यामुळे सरळ बाहेर निघाली. परत आत जायची ती मागे मागेच, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि फाटकासमोर उभं राहणं वेगळं. कॅरॅव्हॅन अकरा दिवस गल्लीत उभी राहिली. समोरच्या दंतवैद्य बाई रोज आरसे मिटून आपली गाडी काढत.

"काका, कॅमेरा बसवा ना मागे."

"बसवलाय. दिसतं सगळं." टाइमटेबल म्हणाले. "पण तो काही बोलत नाही."

"मग मी उभी राहते, चला."

बाई उभ्या राहिल्या. "हां... हां... ठीक आहे... म्हणजे तसं ठीक नाही... अय्या!" एवढ्यावर प्रयोग संपला. फाटकाचा रंग गेला.

बाराव्या दिवशी दुपारी जेवण होताच टाइमटेबल भोंगाच्या घरी गेले. दुसरा मजला. जिना चढताना त्यांनी एक वाक्य पाठ केलं होतं: 'मला त्या दिवशी ऐकू आलं होतं.' सहाच शब्द. दाराशी पोहोचेपर्यंत त्यांतले चार उरले होते.

दार भोंगानेच उघडलं. हातात मटाराच्या शेंगांचं ताट.

"लेट आहेस," तो म्हणाला. "पाच वर्षं."

टाइमटेबल आत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

"पाणी देऊ? का नळ मोडशील?"

"एक कॅरॅव्हॅन घेतलीय. गल्लीत अडकलीय. मागे घ्यायचीय."

"मग घे की. एकतीस वर्षं काय झोपा काढल्यास?"

"मागे कोणी नाही."

भोंगाने एक शेंग सोलली. "आणि मी ओरडलो तर ऐकू येईल का तुला?"

पाठ केलेलं वाक्य आता पुरतंच गेलं होतं. "येईल," टाइमटेबल म्हणाले.

"पावणेचारला मला नातीला शाळेतून आणायचंय."

"तीन चाळीसला मोकळा करतो."

गल्लीत आल्यावर भोंगाने कॅरॅव्हॅनभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारून बघितली आणि मागे जाऊन उभा राहिला. टाइमटेबलांनी आरशात पाहिलं. भोंगाचं पोट वाढलं होतं. ते आरशात मावत नव्हतं.

"येऊ द्याऽऽ!"

दंतवैद्य बाईंच्या खिडकीत तोंडात कापूस घेतलेला एक पेशंट उगवला.

"येऊ द्या... डावीकडे... अहो, तुमच्या डावीकडे, माझ्या नव्हे! ही जोडापाशी मधेच मोडते होय? बरं... पुन्हा पुढे घ्या... हां, येऊ द्या... येऊ द्याऽ... थांबा!"

टाइमटेबलांचा पाय ब्रेकवर गेला तो तिथेच राहिला.

ते उतरून मागे गेले. कॅरॅव्हॅन आणि अंगणाची भिंत यांच्यामध्ये भोंगा पंजा ताणून उभा होता. अंगठा भिंतीला, करंगळी पत्र्याला.

"वीतभर राहिली की."

"असू दे."

"नेहमी घ्यायचास."

"थांबा म्हणालास ना."

"म्हणालो." भोंगा इतक्या हळू बोलू शकतो हे टाइमटेबलांना ठाऊक नव्हतं. "ऐकू आलं म्हणायचं."

"तेव्हाही आलं होतं."

भोंगा नखातला मटाराचा हिरवा कण काढत राहिला. "सगळ्या डेपोला माहीत होतं लेका. त्या साहेबाला सोडून."

दोघं फाटकाकडे निघाले. तीन पस्तीस झाले होते.

"चल ना," टाइमटेबल म्हणाले. "किनाऱ्याने जातोय. आत बाकं दोन आहेत."

"आणि नातीला कोण आणणार? सून साडेसहाला येते."

"सात दिवसांचं तर आहे."

"सात दिवस म्हणजे सात वेळा पावणेचार." भोंगा थांबला. "दीपगृहाला जाणार असशील."

"ते खोडलंय. मागे घ्यावी लागते."

"एकोणीस वर्षं टोक बघितलं त्याचं, आणि खोडलंय म्हणे. फोन कर तिथून. मी सांगतो येऊ द्या."

"इथून तुला तिथलं काय दिसणार?"

भोंगाने घड्याळ पाहिलं आणि फाटकाची कडी काढली.

"त्या दिवशी तरी मी कुठे बघत होतो?" तो म्हणाला. "नळावर एकाशी गप्पा मारत होतो. अंदाजाने म्हणालो थांबा."

टाइमटेबल फाटकाबाहेर येईपर्यंत तो गल्लीच्या टोकाशी पोहोचला होता. वळताना त्याने हात वर केला. तो त्यांच्यासाठी होता की समोरून येणाऱ्या रिक्षासाठी, ते दिसलं नाही.

ते कॅरॅव्हॅनमध्ये येऊन बसले. खिळ्याचा एक कप काढला, चहा केला, वही उघडली. सहाव्या दिवसाच्या ओळीत पेट्रोल पंप होता, तो रबराने पुसला. लिहिलं: 'दीपगृह. पोहोचणे २.४५. मागे घेणे ३.००.' शेऱ्यात: 'पावणेचारच्या आत.' मग पर्यटन कचेरीला फोन लावला. त्याच बाई होत्या.

"हो, जागा आहे. पण ते शेवटचं दोनशे मीटरचं... सोबत कोणी आहे ना?"

"आहे. फोनवर."



"मग फॉर्मवर व्यक्ती किती लिहू?"

टाइमटेबलांनी खिळ्याला उरलेल्या दुसऱ्या कपाकडे पाहिलं.

"एक लिहा," ते म्हणाले.