नंदाताई आणि उरलेले अकरा

वर्धा रोडवर सिग्नलला उभा होतो, तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला. नंदाताईंच्या फोनवरून, पण पाठवणारे त्यांचे यजमान, अरुणराव. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की…’ एवढंच दिसत होतं आणि त्याखाली ‘अधिक वाचा’. मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. मी गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं, तरी अंगठा त्या दोन शब्दांकडे जाईना. मग स्वतःचीच लाज वाटली. नंदाताईंची बातमी, आणि ती मी अर्धी वाचून खिशात टाकणार? दाबलं. सगळं वाचलं, अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून निघणार, इथपर्यंत. त्याला आता पाच आठवडे झाले.

नंदा उमाटे आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत आल्या तेव्हा शेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि मी, त्यांचा टीम लीडर, एकोणतीसचा. त्याआधी सतरा वर्षं त्या औषधांच्या ठोक दुकानात काउंटरवर उभ्या होत्या. मुलीच्या कॉलेजच्या नोट्स चाळता चाळता प्रोग्रामिंगची गोडी लागली आणि रीतसर शिकल्या. मुलाखतीत मी जरा आढ्यतेनंच विचारलं की या वयात ही उठाठेव कशासाठी. शांतपणे म्हणाल्या, “सर, दुकानात दुसऱ्यानं बनवलेलं मी देत होती. मले बनवून पाहायचं आहे.” सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर नमस्कार. दुकानातली जागा त्यांनी सोडून दिली होती, तिथं दुसरी बाई लागलीही होती. म्हणजे इथं जमलं नाही तर पुन्हा सुरुवात कुठून करायची, हा प्रश्नच होता.

आणि पहिले पाच महिने जमत नव्हतं, असं माझं ठाम मत होतं. कारण एकच, वेग. बाकीचे दिवसाला जे काम उरकत, त्याला त्यांना दोन दिवस लागत. चहासोबतच्या बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. औषधाच्या दुकानातली सवय, कंपनीपासून बॅच नंबरपर्यंत सगळं पाहिल्याशिवाय हातातली वस्तू पुढे सरकवायची नाही. पोरं त्यावरून चिडवायची, मीही हसायचो. त्या चिडायच्या नाहीत, म्हणून आम्हाला अजून चेव यायचा.

आमच्या कामातली एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. एखाद्या वस्तूच्या कोणकोणत्या अवस्था असू शकतात, हे प्रोग्राममध्ये आधी ठरवून ठेवतात. त्या ठरवलेल्या यादीला टाइप म्हणतात. एडिटरमध्ये, म्हणजे जिथं आम्ही प्रोग्राम लिहितो तिथं, त्या नावावर माउस नेला की छोटी चौकट उघडते आणि यादी दिसते. यादी लांब असली की एडिटर ती छाटतो. काही नावं दाखवतो, मग तीन टिंबं, ‘आणखी अकरा’, आणि मोकळा होतो. आम्हीही मोकळे होतो. जगातले बहुतेक प्रोग्रामर त्या टिंबांपाशी थांबून मजेत जगतात. नंदाताईंना मात्र ती टिंबं बघवत नसत.

त्या वेळी आम्ही थंड गाड्यांतून औषधं पोचवणाऱ्या एका वाहतूकदाराचं काम करत होतो. शहराबाहेर, वाडी इथल्या गोदामात बसलेल्या माणसाला प्रत्येक खोक्याची अवस्था पडद्यावर दिसायला हवी होती. खोक्याच्या अवस्थांची यादी पाच वेगवेगळ्या फायलींतून जोडून तयार होत होती, त्यामुळे ती एका जागी लिहिलेली अशी कुठंच नव्हती. मी घाईत होतो. चौकट उघडली, दिसली ती आठ नावं उतरवून घेतली, त्यांना रंग दिले, आणि यापलीकडे काही आलं तर ‘पोचला’ दाखव, असं लिहून टाकलं. शुक्रवारी सकाळी गोदामात दाखवायचं होतं. गुरुवारी मी नंदाताईंचा अभिप्रायाचा फॉर्मही भरून ठेवला… ‘काम नीटनेटके, वेग फार कमी, कायम करू नये.’

त्याच दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. दोन दिवसांपासून त्या ही पूर्ण यादी बघायची वाट शोधत होत्या, हे मला माहीत होतं आणि त्याचाच मला राग होता. त्यांनी प्रोजेक्टच्या सेटिंगांची माहिती पहिल्यापासून वाचत आणली होती. त्यात एक सेटिंग होतं, नावावरून वाटावं की फक्त चुकांचे संदेश न छाटण्यासाठी आहे. म्हणून आमच्यापैकी कोणीच त्याच्या वाटेला गेलं नव्हतं. त्यांनी चालू करून पाहिलं. चौकटीतली टिंबं गेली आणि यादी आपली उघडतच गेली.

“सर, तुम्ही आठ जणांले रंग दिले,” त्या म्हणाल्या. “या अकरा जणांले कुठं बसवलं?”

मी म्हटलं, ताई, ते काही कामाचे नसतील. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. नवव्या नावावर बोट ठेवलं. अवस्था होती, थंडावा तुटला. म्हणजे वाटेत गाडीचं यंत्र बंद पडून आतली इन्सुलिनची खोकी तापली, तरी माझा पडदा गोदामातल्या माणसाला हिरव्या अक्षरांत सांगणार होता, ‘पोचला’. आणि तो ती खोकी पुढे दुकानांना पाठवणार होता… त्या मात्र ओरडल्या नाहीत, मिरवल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “घ्या, एकेक सांगते.” संध्याकाळी सहापर्यंत अकराच्या अकरा जागेवर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वाडीला मी त्यांना सोबत नेलं आणि पडदा त्यांनाच दाखवायला सांगितला. गोदामाचे मॅनेजर ट्रकांच्या गडबडीत वाढलेले, त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “गाडीतली थंडी रस्त्यात गेली तर मले कसं समजन?” नंदाताईंनी एक कळ दाबली. खोक्याची ओळ लाल झाली. मॅनेजर खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले, पुन्हा करायला लावलं, आणि काम तिथंच मंजूर झालं. परतताना मी गाडीत कबूल केलं की फॉर्मवर काय लिहिलं होतं. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “मले माहीत होतं. तुमचा चेहरा लपत नाही.” ऑफिसला पोचलो आणि तो अभिप्राय पुसला. ‘कायम करावे’ लिहिलं, आणि खाली माझी चूक काय होती, तेही लिहिलं. आजवरच्या माझ्या लिखाणात मला सगळ्यात अभिमान त्या चार ओळींचा आहे.

पुढची दहा वर्षं आमच्या कंपनीत एकही प्रोजेक्ट ते सेटिंग चालू केल्याशिवाय सुरू झालं नाही. ‘सर’ जाऊन मी कधी ‘निखिल’ झालो, कळलंही नाही. मग गेल्या वर्षी पोटाचं दुखणं निघालं. रिपोर्ट आला तेव्हा दवाखान्यात अरुणरावांनी आणि मी ठरवलं, थोडं सांगायचं, बाकी राहू द्यायचं. मी दोन वाक्यं बोललो नि थांबलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “उरलेलं काहून दाबून राहिला गा?” मग मी सगळा रिपोर्ट वाचून दाखवला. रडलो मीच. त्या म्हणाल्या, बरं झालं, आता किती दिवस हातात आहेत ते समजलं. त्या दिवसांत त्यांनी तीन नव्या मुलींना तयार केलं आणि हातातलं काम संपवूनच सुट्टी टाकली. हरल्यासारखं एकदाही बोलल्या नाहीत.

तेरवी झाल्यावर सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेलो. अंत्ययात्रेला दारापर्यंतच आलो होतो, आत पहिल्यांदाच. बैठकीच्या खोलीत, जिथं लोक लग्नाचे फोटो लावतात त्या भिंतीवर, काचेच्या चार फ्रेमा एका ओळीत होत्या. जवळ जाऊन पाहिलं तर त्यांचं कायम झाल्याचं पत्र. चारही पानं. सुट्ट्यांचे नियम, नोटिशीची मुदत, कलमं, पोटकलमं, काहीही न गाळता. अरुणराव म्हणाले, “म्या म्हटलं, पहिलं पान लावू, त्यातच सगळं आलं. तर नंदा म्हणे, नाही, पूर्ण लागन.” चौथ्या पानावर तर मजकूरच नव्हता, खाली फक्त माझी सही होती. दहा वर्षांपूर्वी ती मी वरची तीन पानं न वाचता ठोकली होती. चहा आला, अरुणराव बसा म्हणाले. मी त्यांना जरा थांबायला सांगितलं, आणि पहिल्या फ्रेमेपासून वाचायला सुरुवात केली.