पीयूसीची नळी

कोल्हापुरात स्टँडजवळच्या एका चौकात मी सहा वर्षं पीयूसीच्या व्हॅनवर काम केलं. गाडीचा धूर तपासायचा आणि दाखला द्यायचा. नळी सायलेन्सरमध्ये घालायची असते. मी ती बहुतेक वेळा हवेतच धरायचो. नंबरप्लेटचा फोटो, दोन बटणं, कागद हातात. काळा धूर ओकणारे टेम्पोसुद्धा पास. मालक खूश, गिऱ्हाईक खूश.

व्हॅनपासून दहा पावलांवर, सिग्नलच्या तोंडाशी एक मावशी झेंडूचे हार विकत बसायच्या. माझ्या कितीतरी आधीपासून. रविवारी जोतिबाला निघालेल्या गाड्या त्यांच्याकडूनच हार घ्यायच्या. दुपारी त्या मला डब्यातली अर्धी भाकरी द्यायच्या. शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा खोकला थांबेना. हाराची गाठ मारता मारता छातीवर हात दाबून बसायच्या.

"हवा बदललीया मावशी, काढा घ्या," असं मी सांगत राहिलो.

एकदा टोपली उचलताना त्या मटकन खाली बसल्या. घरी त्यांचं कुणी नव्हतं, म्हणून मीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एका यंत्रात फुंकायला लावलं. म्हणाले, "श्वासनळ्या आकसल्यात. हे चार दिवसांचं नाही, कित्येक वर्षांचं आहे. विडी ओढता?"

"न्हाय ओ."

"चूल?"

"गॅस हाय की."

"मग रोज धुरात कुठं असता?"

"चौकात बसतो मी हार घिऊन. पर तिथला धूर बाधायचा न्हाय, डॉक्टर. ह्यो आमचा पोरगा एकेक गाडी तपासूनच सोडतोय की!" असं म्हणून त्यांनी कौतुकानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि "औषधं कुठं मिळतील?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गाडीला नळी लावली. दोन टेम्पो परत पाठवले. एक रिक्षावाला म्हणाला, "काय भावा, आज अंगात आलंय काय?" आठवड्यात गिऱ्हाईक पुढच्या चौकातल्या व्हॅनकडं वळलं, मालकानं दम दिला. मी नऊ दिवस टिकलो. दहाव्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखा वागू लागलो. हे लिहितानाही कान गरम होतात.

मावशी राधानगरीकडे भावाच्या घरी राहायला गेल्या. पुढं वर्षभरानं व्हॅन सोडून मी एका दुकानात लागलो, तेव्हा त्यांना भेटायला गेलो. मला बघून त्या शेतातून निघाल्या, पण बांधावरून घरापर्यंत येताना तीनदा थांबल्या. दारात टेकून तोंडात पंप मारला, मग हसल्या.

सगळं सांगायचं ठरवूनच मी गेलो होतो. चहा झाल्यावर म्हणालो, "मावशी, मी त्या गाड्या..."

"दमला असशील रे लेका. किती गाड्या त्या!" असं म्हणत त्यांनी नव्या तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली.

मी ती घेतली आणि पाचची एसटी धरली.