ताईची इंग्लंडची कॅसेट

ताई नर्स होऊन इंग्लंडला गेली तेव्हा मी अकरावीत होते. गिरणी बंद पडल्यापासून बाबा दिवसभर घरीच. घाटकोपरच्या आमच्या दीड खोलीत, ती गेल्यावर, जरा ऐसपैस वाटायला हवं होतं. कसलं काय! घर नुसतं खायला उठायचं. भांडायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं मला.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पत्राऐवजी कॅसेट. एकच कॅसेट जायची-यायची. एका बाजूला ताई बोलणार, मागच्या बाजूला आम्ही. ऐकून झालं की आपापल्या बाजूवर पुन्हा नवं भरायचं. टेपरेकॉर्डरची बटणं दाबायचा मान माझा. दुसऱ्या कुणी हात लावला की मी खेकसायचे.

एकदा पाडव्याच्या सुमारास कॅसेट आली. ताईचा आवाज बसलेला वाटत होता. म्हणाली, वॉर्डात आम्ही सगळ्या बाहेरच्याच, केरळच्या, जमैकाच्या. आम्ही रजा घेतली तर वॉर्डाला कुलूप लागेल, असं मोठ्या सिस्टरच म्हणतात. एक आजोबा माझ्याच हातून औषध घेतात, आणि त्यांचा मुलगा मला विचारतो, तुमच्या देशात कामं नाहीत का? बसस्टॉपवर पोरं ओरडतात, परत जा. परवा एक जण अंगावर थुंकला.

बाबा भडकले. "एवढी सेवा करून घेतात मेले, आणि वर हे!"

त्याच सकाळी नळावर नव्या भाडेकरूंना पाहून ते म्हणाले होते, "कुठनं कुठनं येतात, मुंबईची वाट लावली यांनी." कॅसेट ऐकताना मला ते आठवलं, आणि मी गप्प बसणारी नव्हे. म्हटलं, "आपण तरी कुठले घाटकोपरचे? बोचकं घेऊन मालवणातनंच आलात ना?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कॅसेट मात्र अर्ध्या वाक्यातच संपली. "म्हणून मी म्हणते आई, की..." आणि खट्. आम्ही हसलो. हिची टेप संपते, बडबड संपत नाही! मागच्या बाजूला आमचंच जुनं असणार, ते काय ऐकायचं? मी कॅसेट उलटली आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. शेजारणीही जमल्या होत्या. एकीने साबण मागितला, एकीने लिपस्टिक. शेवटी आई अगदी तोंड जवळ नेऊन म्हणाली, "तुझ्यामुळां आमची मान वर इली गो बाय."

पुढच्या खेपेला ताई नुसतं हवापाण्याचं बोलली. त्यानंतरच्या खेपांनाही तेच.

दोन वर्षांनी मे महिन्यात ती आली. गच्चीवर पापड वाळत घालताना मी म्हटलं, "पुरे झालं गं आता. ये ना परत. मला करमत नाही."

तिने पापडावरून मान वर केली नाही. "विचारलं होतं की तुम्हाला. माझी बाजू संपली म्हणून तुमच्या बाजूवर बोलले. रडत होते गं मी. येऊ का परत, एवढंच विचारलं होतं. तुम्ही साबण मागितलात."

त्या बाजूवरचं एक अक्षरही कुणी ऐकलं नव्हतं. ते मी पुसलं होतं, माझ्या या बोटाने. सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे. नाही सांगितलं. ती माझ्याकडे कशी बघेल या भीतीने मी पापड पसरत राहिले. उद्या सांगू म्हणता म्हणता तिची रजा संपली.

ती तिकडचीच झाली. दर दिवाळीला कुणीतरी आईला विचारायचं, थोरली येत नाही का हो? आई पदराने डोळे टिपून म्हणायची, "तिका थंयच बरां वाटता. आमची आठवण कित्याक येतली?"

मग माझ्याकडे वळून विचारायची, "नाय गो?"

आणि मी म्हणायचे, "हो ना."