लॉबीतला बर्फ

"बाबा पुन्हा लॉबीत बर्फ बघतायत. तू समजाव त्यांना. सिंगापूरमध्ये बर्फ फक्त आइस कचांगच्या गोळ्यात मिळतो."

लिफ्टमध्ये माझ्या पुढे उभी असलेली बाई फोनवर नवऱ्याशी बोलत होती. मला मराठी कळतं हे तिला माहीत नव्हतं, आणि मी ते कळू देणार नव्हते. बाहेर कुठे मराठी ऐकू आलं की मी फोनमध्ये डोकं घालते. तळमजल्यावर दार उघडलं तरी ती मोठ्याने तेच सांगत होती. पाऊस नुकताच थांबला होता. ओल्या फरशीवरून सत्तरीचे एक गृहस्थ आमच्याकडे येत होते. आखूड पावलं, तळवे सपाट, गुडघे किंचित वाकलेले, हात दोन्ही बाजूंना. बदकासारखे. मला हसू आलं.

"सुनेच्या विनोदाला हसलीस, म्हणजे मराठी आहेस," ते म्हणाले. "मी गद्रे. सातव्या मजल्यावर."

ही गद्रेकाकांची पहिली ओळख. बुकित पंजांग वस्तीतल्या त्या ब्लॉकमध्ये मी नवव्या मजल्यावर एका फ्लॅटमधली खोली भाड्याने घेऊन राहत होते. काका पुण्याच्या एका मोटार कारखान्यात ब्रेकचे इंजिनिअर होते. कंपनी त्यांना दर हिवाळ्यात स्वीडनच्या उत्तरेला पाठवायची. तिथे एका गोठलेल्या तळ्यावर ते गाड्यांचे ब्रेक तपासायचे. अशा बारा हिवाळ्यांनंतर त्यांना कुठल्याही ओल्या फरशीत ते तळं दिसायचं. निवृत्तीनंतर ते सहा महिने इथे मुलाकडे आणि सहा महिने पुण्याला मुलीकडे असत. "आता माझे दोनच ऋतू," ते म्हणायचे. "मुलाचा आणि मुलीचा. दोन्हीकडे हवा बरी असते. बॅग भरायचा मात्र कंटाळा येतो."

मला फिनलंडच्या उत्तरेला एका संशोधन केंद्रात नोकरी लागली होती, जानेवारीत जायचं होतं. केंद्र गावापासून सत्तर किलोमीटरवर, बर्फातून गाडी चालवतच जावं लागणार. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. काकांना का सांगितलं कोण जाणे. ते म्हणाले, "उद्यापासून संध्याकाळी सात वाजता खाली ये."

मी काम करायचे त्या प्रयोगशाळेतून परत येताना एलआरटीच्या छोट्या ट्रेनमध्ये उभ्याउभ्या माझे डोळे मिटायचे. तरी मी जात राहिले. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलाशेजारी काका दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून बसलेले असायचे. त्यातली एक माझी गाडी. स्टीलचं ताट हे स्टिअरिंग. दुसऱ्या एका ताटात पाणी आणि साबणाची ओली वडी. वडीला बोटाने हलकं ढकललं तर ती सरळ जायची, जोरात ढकललं की गरगरत काठाला आपटायची.

"बघितलंस? बर्फावर सगळं पुरणपोळीसारखं. दाब द्यायचा, पण पोळीला कळता कामा नये."

"मी कधी पुरणपोळी लाटली नाही, काका."

"अरे देवा. मग तुला आधी ती शिकवायला हवी. ते बर्फाहून अवघड."

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "गाडी सुरू कर." मी हवेत किल्ली फिरवली आणि उजवा पाय दाबला. डावा पाय चपलेत स्वस्थ पडून होता. काकांनी त्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "चल."

शेजारच्या टेबलावर भाजी निवडत बसणाऱ्या चिनी आजी रोज विचारायच्या, "अंकल, टुडे गो व्हेअर?"

"टुडे स्वीडन. व्हेरी कोल्ड, लाह." वाक्याला 'लाह' जोडायला काका इथेच शिकले होते.

"वेअर जॅकेट, अंकल."

त्यांचं शिकवणं असं होतं. उणे वीसचा बर्फ प्रामाणिक, शून्याच्या आसपासचा लबाड, कारण त्यावर पाण्याचा पापुद्रा असतो. रस्त्याआधी पूल गोठतो. पुढच्या गाडीपासून इतकं लांब राहायचं की तिचा ड्रायव्हर आपल्याला विसरला पाहिजे. गाडीचं मागचं अंग सरकलं तर पाय उचलायचा, जायचंय तिकडे बघायचं, हात आपोआप तिकडे वळतात. "झाडाकडे बघशील तर झाडात जाशील. माणसाचं असंच आहे, गाडीला दोष देऊन उपयोग नाही." बर्फात अडकलीस तर इंजिन चालू ठेवण्याआधी धूर बाहेर जायचा पाइप मोकळा कर. बोलताना ते दमायचे. मधेच थांबून ताटातलं पाणी बघत बसायचे.

एकदा असेच थांबले आणि मग पुढचं बोलले. "माझ्या हाताखाली एक नवा ड्रायव्हर आला होता. नागपूरचा. त्याला विचारलं, बर्फावर चालवलीयस? तो म्हणाला, हो सर, येतं. आपल्या माणसाला 'येतं का' विचारलं की तो 'येतं' म्हणतो. शाळेपासून तसंच शिकवलंय आपल्याला. दुसऱ्या फेरीला गाडी काठाच्या ढिगाऱ्यात शिरून उलटली. नडगीत रॉड घालावा लागला. अजून लंगडतो." वडी त्यांनी बोटाने हळूच मध्यभागी आणली. "चूक माझीच. विचारायला नको होतं, बघायला हवं होतं. तेव्हापासून मी कुणालाही विचारत नाही."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. खरं असं होतं की मला गाडी चालवताच येत नव्हती. अठरा पूर्ण झाल्यावर घरातल्या सगळ्यांसारखं माझंही लायसन्स काढलं होतं, ओळखपत्र म्हणून. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच होते, त्यामुळे परीक्षा जवळजवळ त्यांनीच दिली. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. फिनलंडच्या फॉर्मवर मात्र 'गाडी चालवण्याचा अनुभव' यापुढे मी 'आठ वर्षं' लिहिलं होतं. लायसन्सला आठ वर्षं झाली होती, म्हणून. फॉर्म पाठवल्यावर कळलं की केंद्रातल्या दोन विद्यार्थिनींना गावातून ने-आण करायचं कामही माझंच आहे.

मी ताट फिरवत राहिले. येतं, असं काही न बोलताच म्हणत राहिले.

नोव्हेंबरमध्ये काकांचा मुलाकडचा ऋतू संपला. निघायच्या दिवशी मी प्रयोगशाळेतच अडकले, भेट झाली नाही. दोन दिवसांनी त्यांची सून अश्विनी एक वही घेऊन वर आली. तीही दिवसभर रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात राबून आलेली, दारातच भिंतीला टेकून उभी राहिली.

"बाबांनी तुझ्यासाठी ठेवलीय. चार दिवस लिहीत होते. हाका मारल्या तरी जेवायला उठायचे नाहीत. मला वाटलं, मृत्युपत्र लिहितायत की काय."

मी इंग्रजी शाळेत शिकले. हाताने लिहिलेलं मराठी वाचायला मला ओळीखाली बोट ठेवावं लागतं. बर्फ, पूल, उणे वीस शोधत मी पहिलं पान उघडलं. तिथे बर्फ नव्हता.

'१. सीट पुढे ओढ. डावा पाय क्लचवर पूर्ण पोचला पाहिजे. २. क्लच म्हणजे डावीकडचं पॅडल. ३. मोकळं मैदान शोध. पहिले आठ दिवस फक्त गाडी जागची हलवणे आणि थांबवणे. घाई नको.'

खाली पॅडल्सचं चित्र होतं, तीन चौकोन, प्रत्येकावर नाव. अशी बावीस पानं. बर्फ तेविसाव्या पानावर सुरू होत होता, आणि त्याच्यावर लिहिलं होतं, 'मागचं सगळं जमल्याशिवाय हे वाचू नये.'

त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रोज संध्याकाळी ते माझ्या डाव्या पायाकडे बघत होते, मी सांगेन म्हणून थांबत होते. जायची वेळ आली तरी मी सांगितलं नाही, तेव्हा चार दिवस बसून त्यांनी ही पानं लिहिली.

पुढच्या मंगळवारी फिनलंडच्या केंद्रप्रमुख मॅडमशी व्हिडिओ कॉल होता. घर, पगार, जाड बूट, सगळं ठरलं. वही माझ्या मांडीवर होती. शेवटी त्या म्हणाल्या, विमानतळावर केंद्राची गाडी उभी असेल, मुलीही तिथेच भेटतील, तूच त्यांना घेऊन ये. मग घड्याळ बघून त्यांनी विचारलं, "ठीक आहे ना?"

मी पडद्यावरच्या त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, दुसरीकडे कुठे नाही.

"नाही," मी म्हणाले. "फॉर्मवर मी खोटं लिहिलं. मला गाडी चालवता येत नाही."