दारात थांबलेले सर

शेताकडून फवारणीचा उग्र वास आला की घाटंजीजवळच्या आमच्या शाळेतली ती दुपार आठवते. कापसाची ती वाईट वर्षं. मुख्याध्यापक सर चप्पल काढून वर्गाच्या दारात उभे राहिले, की कोणाच्या तरी घरून वाईट निरोप आलेला असायचा.

त्या दिवशी कविता चालू होती. बाई थांबल्या, तर सर म्हणाले, "पुरी होऊ द्या." आम्ही एरवीपेक्षा मोठ्यानं म्हणत राहिलो. कविता संपली. मग ते माझ्या शेजारणीला हळूच म्हणाले, "सुमन, चाल माय. दप्तर राहू दे."

सर एवढे का थांबले, ते तेव्हा कळलं नव्हतं.

आज मी मुख्याध्यापिका आहे. वर्गात सतराचा पाढा चालू आहे आणि मी चप्पल काढून दारात उभी आहे. पाढा संपेपर्यंत मी कोणाचंच नाव घेणार नाही.